दिवा लागल्यावरचं विरजण

"दिवा लागला," आक्का म्हणाल्या. "आता विरजण मिळायचं न्हाई."

मी हातातलं घड्याळ पाहिलं. सहा वाजून आठ मिनिटं. दुकानाच्या फळीवर दह्याची चार गाडगी अजून शिल्लक होती आणि त्यांच्यावर ओलं फडकं टाकून आक्का दुकान आवरत होत्या.

"मला खायला नकोय," मी म्हटलं. "चमचाभर हवंय. तपासायला."

"चमचाभर काय आणि घागरभर काय. दिवा लागल्यावर दही, ताक, विरजण घराबाहेर जात न्हाई. घरातली बरकत जाती त्याच्यासंगं."

"पण विरजण म्हणजे जिवाणू असतात. दिवा लागलाय हे त्यांना कळत नाही."

आतून कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"आक्का, जिवाणूंस्नी न्हाई कळत, पण तुला कळतंय, तर तूच सांग की त्यांस्नी."

पडदा सारून एक मुलगी बाहेर आली. माझ्याच वयाची, कोपरापर्यंत हात ओले, कपाळावर विभूती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या हातातली झाकणाची काचेची नळी पाहिली आणि म्हणाली, "सकाळी सातला या. मी काढून ठेवतो."

गडहिंग्लजकडच्या बऱ्याच मुली बोलताना 'मी येतो, मी ठेवतो' असंच म्हणतात, हे मला महिन्याभरात कळलं होतं. तरीही तिच्या त्या 'ठेवतो'मुळे मी रात्रभर खूश का होते, याचं कारण मला त्या वेळी सापडलं नाही.

मी प्राची, मूळची सटाण्याची. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून गावाबाहेरच्या एका दूध शीतकरण केंद्रावर तपासनीस म्हणून आले होते. आसपासच्या खेड्यांतून कॅन यायचे, त्यातलं दूध नळीत घेऊन मी त्यात निळा रंग टाकायची आणि तो किती वेळात उडतो ते लिहून ठेवायची. दुधात जिवाणू जास्त असले की रंग लवकर उडतो. रंग जितका वेळ टिकेल तितकं दूध चांगलं. काम सोपं होतं आणि उरलेल्या वेळात करण्यासारखं गावात फारसं काही नव्हतं. आक्कांच्या दुकानातलं, म्हणजे नेवड्यांचं, दही मात्र होतं. ते चाखल्यावर त्यात नेमकं कोण आहे हे पाहिल्याशिवाय मला चैन पडेना.

तर सकाळी सातला मी गेले. आठवड्याभरानं ती मुलगी, शिवलीला, स्वतःच केंद्रावर आली. आपलं विरजण सूक्ष्मदर्शकातून कसं दिसतं ते तिला बघायचं होतं.

"ह्या माळा कसल्या?"

"ते एक प्रकारचे. आणि त्या काड्या दिसतात ना, ते दुसरे."

"एकमेकांत घुसूनच बसलेत की."

"दोघं एकत्र असले की दही लवकर लागतं. एक जे तयार करतो ते दुसऱ्याला हवं असतं. वेगळे ठेवले तरी जगतात, पण रेंगाळतात."

तिनं डोळा भिंगावरून काढला नाही. "मग वेगळे कशाला ठेवायचे?" म्हणाली, आणि टेबलावर टेकवलेल्या माझ्या हातावर तिनं हात ठेवला. भिंग नीट लावायचं बटण माझ्या हाताखाली होतं, त्यामुळे तिला आतलं सगळं धूसर दिसायला लागलं असणार. तरी ती बराच वेळ आत बघत राहिली.

त्यानंतर पाच महिने मी रोज पाव किलो दही घेतलं.

आक्कांचे यजमान शिवलीला नववीत असताना वारले होते. तेव्हापासून मायलेकी दोघीच होत्या आणि दुकान होतं. लेकही आईला आक्काच म्हणायची. त्यांचं विरजण आक्कांनी लग्नात माहेराहून, संकेश्वरहून, आणलं होतं. एका लहान गाडग्यात, शालूच्या पदराखाली, बसमध्ये मांडीवर धरून. एकतीस वर्षं आदल्या दिवशीच्या दह्यातून दुसऱ्या दिवशीचं, असं ते चालत आलं होतं. आक्कांच्या आईनंही ते तिच्या माहेराहून आणलं होतं. लेक सासरी जाताना ते तिच्याबरोबर जायचं, अशी त्यांच्याकडची रीत.

एप्रिलातल्या एका सोमवारी मी दही घेऊन निघाले तेव्हा दिवेलागण झाली होती. दुकानाच्या मागच्या बोळात शिवलीलानं मला हाक मारली. तिच्या हातात स्टीलचा इवलासा डबा होता.

"रविवारी निपाणीचे पाहुणे यायलेत," ती म्हणाली. "मला बघायला."

मी दह्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मुलगा चांगला हाय म्हणे. ट्रॅक्टरची एजन्सी हाय."

"तू काय सांगितलंस?"

"आक्काला? काय सांगू? दोन महिने झालं तोंड उघडतो आणि शेंगाचटणी घालू काय म्हणून विचारतो." ती हसली, पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. "हे घे."

मी झाकण उघडलं. आत दोन चमचे विरजण होतं.

"शिवा, दिवा लागलाय."

"माहीत हाय मला."

"सकाळी दे ना. आक्का—"

"सकाळी दिलं तर ते नुसतं विरजण झालं. ते मी अख्ख्या गावाला देतो." तिनं झाकण परत लावलं आणि डबा माझ्या दोन्ही हातांत नीट बसवला. "रोज लावायचं. एक दिवस पण चुकवायचं न्हाई. कळलं का?"

मला कळलं होतं. खोलीवर जाऊन मी दूध तापवलं, थर्मामीटर लावून बेचाळीस अंशांवर आणलं आणि विरजण लावलं. सकाळी ते असं घट्ट लागलं होतं की भांडं तिरपं केलं तरी हललं नाही. मी त्याचा फोटो काढून तिला पाठवला. उत्तरादाखल तिनं नुसती एक निळी बांगडी घातलेल्या हाताची मूठ पाठवली, जिचा अर्थ मी अजूनही तिला विचारलेला नाही.

बुधवारी सकाळी नेवड्यांकडचं दही लागलं नाही.

गाडग्यांमध्ये दूध तसंच दूध होतं. आक्कांनी गाडगी बदलली, मंगळवारचं थोडं दही उरलं होतं त्यातून पुन्हा विरजण लावलं. गुरुवारी तेच. मग तळाशी राहिलेला शेवटचा चमचा लावला. शुक्रवारी पहाटे पुन्हा नुसतं दूध. एकतीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं. दुकान उघडायचं नाही म्हणून आक्कांनी फळ्या लावून घेतल्या आणि लेकीला समोर बसवलं.

हे मला शुक्रवारी दहाच्या सुमारास कळलं. शिवलीला स्कूटरवरून केंद्रावर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते.

"आक्कानं विचारलं, दिवा लागल्यावर कुणाला काय दिलंस काय. मला खोटं बोलायला जमलं न्हाई."

"मग?"

"'कुणाला?' म्हणाली. 'प्राचीला,' म्हणालो. 'का?' म्हणाली."

"काय सांगितलंस?"

"ती ते सांभाळून ठेवेल म्हणून." शिवलीलानं नाक ओढलं. "आक्का ओरडली पण न्हाई. ओरडली असती तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाली, त्या पोरीला सांग, आता यायचं न्हाई. आणि आज दिवा लागला की शेजारच्या कोरींकडनं आणलेलं विरजण लावायचं, जुनं गाडगं उद्या नदीत सोडायचं."

खरं सांगायचं तर ते ऐकता ऐकताच माझ्या डोक्यात दुसरं काहीतरी सुरू झालं होतं. माझ्या खोलीवर तेच विरजण चार दिवस रोज लागत होतं. एकच विरजण. एका घरात मरतं, एका घरात जगतं. विरजण तेच असेल तर दूध वेगळं आहे.

"तुम्ही दूध कुणाकुणाचं घेता?"

"तिघांचं. आमच्या दोन म्हशींचं धरून चौघांचं म्हण."

"मला चारही वेगवेगळं आणून दे. आत्ता. एकत्र करायचं नाही."

"प्राची, माझं घर मोडायलंय आणि तू—"

"आणून दे, शिवा."

तिनं आणलं. मी चार नळ्यांत ते चार प्रकारचं दूध घेतलं, पाचवीत केंद्रावरचं, सगळ्यांत माझ्या खोलीवरचं विरजण सारखं मोजून घातलं आणि उबवणीच्या पेटीत ठेवलं. शिवलीला स्टुलावर बसून राहिली. दर वीस मिनिटांनी ती विचारायची, "बघू काय?" आणि मी म्हणायची, "हलवू नकोस."

पाच तासांनी चार नळ्यांत दही होतं. तिसरीत दूध.

"हे कुणाचं?"

"बाळगोंडातात्याचं. औरनाळच्या वाटेवर वस्ती हाय ती." ती नळीकडे बघत म्हणाली. "पण त्याचं दूध सगळ्यात चांगलं असतंय गं."

ते खरं होतं. त्याच दुधात मी सकाळी निळा रंगही टाकून पाहिला होता आणि तो अजून उडाला नव्हता. माझ्या वहीप्रमाणे ते त्या दिवसाचं सर्वांत उत्तम दूध ठरत होतं. त्यात जिवाणू जवळजवळ नव्हतेच. नव्हते, कारण त्यात काहीही जगत नव्हतं. मी कपाटातून औषध तपासायची पट्टी काढून त्या दुधात बुडवली. जिवाणू मारणारं औषध त्यात उतरलेलं होतं. मग केंद्राचं रजिस्टर उघडलं. बाळगोंडातात्या निम्मं दूध आमच्याकडे घालायचे, निम्मं नेवड्यांकडे. त्यांच्या नावापुढे मंगळवारपासून रेघ होती, म्हणजे आमच्याकडे दूध आलंच नव्हतं.

मी फोन लावला.

"गाईला दगडी झालीया, मॅडम," तात्या म्हणाले. "सड सुजलाय. डॉक्टरनं इंजेक्शन दिलंय, पाच दिवस दूध वापरू नका म्हणालाय."

"मग ते तुम्ही नेवड्यांकडे घातलंत?"

"तुमच्याकडं पट्टी लावतात की हो. नेवड्यांकडं काय लावत न्हाईत." मग थोडं थांबून, "उकळल्यावर जातंय की ते. न्हाई जात?"

"नाही जात, तात्या."

शिवलीलानं फोन माझ्या हातातून घेतला आणि पुढचं कन्नडमध्ये झालं. ते मला समजलं नाही, पण तात्या मध्ये एकदाही बोलू शकले नाहीत एवढं कळलं.

फोन ठेवल्यावर ती उभी राहिली. "साडेपाच झालेत. मी पुढं जातो. तू तुझ्याकडचं विरजण घेऊन ये, पण दिवा लागायच्या आत ये. सातला दहा कमी असताना आक्का दिवा लावती."

मी खोलीवर जायला हवं होतं, डबा उचलायला हवा होता आणि निघायला हवं होतं. पण एका पट्टीवर निष्कर्ष काढायचा नाही हे मला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं. मी दुसरी पट्टी लावली. मग खात्री म्हणून आमच्या दुधात एक. निकाल वहीत लिहिले. खोलीवर जाऊन डबा घेतला. सायकल नेवड्यांच्या दारात टेकवली तेव्हा सात वाजायला चार मिनिटं कमी होती आणि आत समई तेवत होती.

उंबऱ्याबाहेर मी डबा धरून उभी राहिले. शिवलीला स्वयंपाकघराच्या दारात होती. तिनं समईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

आक्का देवापुढून उठल्या. त्यांच्यामागे, चुलीजवळ, कोरींकडची वाटी झाकून ठेवलेली दिसत होती.

"तुला यायचं न्हाई म्हणून सांगितलेलं न्हाई काय हिनं?"

"सांगितलं, आक्का. मी बाहेरूनच बोलते."

आणि मी बाहेरून बोलले. पाच नळ्या, चार लागल्या, एक नाही, दगडी, इंजेक्शन, पट्टी. मला वाटतं मी 'निष्कर्ष' हा शब्दसुद्धा वापरला. आक्का कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "झालं?"

"हो."

"म्हणजे दिवा लागल्यावर दिलं म्हणून न्हाई, बाळगोंड्यानं घाण घातली म्हणून नासलं. असं तुझं म्हणणं."

"हो."

"बरं. मग माझं ऐक." त्यांनी पदर खोचला. "हिनं तुला कधी दिलं?"

"सोमवारी."

"दिवा लागल्यावर."

"हो."

"तुझ्याकडं लागतंय?"

"रोज."

"एकदा पण चुकलं न्हाई?"

"नाही."

"दे इकडं."

मी डबा पुढे केला. त्यांनी उंबऱ्याच्या आतूनच तो घेतला, झाकण काढलं, बोटानं थोडं घेऊन जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले. बोळातून कुणाची तरी गाडी गेली. आक्कांनी आणखी एकदा बोट बुडवलं.

"माझंच हाय," त्या म्हणाल्या. "आईचं हाय माझ्या."

शिवलीला काही बोलायला गेली, तर त्यांनी हातानंच तिला गप्प केलं.

"आता बघ. दिवा लागल्यावर विरजण घराबाहेर गेलं की टिकत न्हाई. देणाऱ्याकडं न्हाई आणि घेणाऱ्याकडं पण न्हाई. माझ्या आईनं हे बघितलंय, मी पण दोनदा बघितलंय. तुझ्याकडं चार दिवस टिकलंय. बरोबर?"

"बरोबर."

"मग ते घराबाहेर गेलंच न्हाई."

मी तोंड उघडलं. त्यांच्या पहिल्या विधानाला काहीही पुरावा नव्हता, दोन उदाहरणांवर नियम बांधता येत नाही, हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. शिवलीला आईच्या पाठीमागून माझ्याकडे इतक्या कळवळून बघत होती की मी तोंड मिटलं.

"काय, चुकलं काय माझं?"

"नाही, आक्का."

"मग बाहेर का उभी हाईस? समई विझंल वाऱ्यानं. दार लाव."

मी आत आले आणि दार लावलं. मग आक्का पाटावर बसल्या आणि एकदम हसायला लागल्या. पोट हलेपर्यंत, आवाज न करता.

"मला काय दिसत न्हाई काय गं? पाच महिनं झालं पाव किलो दही न्यायला येतीस आणि दोन दोन तास बसतीस. पाव किलो दह्याला दोन तास कुणाला लागतात?"

"आक्का," शिवलीला म्हणाली.

"तू गप. सोमवारी ह्या पोरीला विरजण देतीस आणि मंगळवारी पाहुण्यांसाठी कुठली साडी नेसू म्हणून मला विचारतीस. लाज न्हाई वाटली? मला आधी सांगायचं होतंस. मी ओरडलो असतो, चार दिवस जेवलो नसतो, मग जेवलो असतो." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "त्या निपाणीकरांना फोन लाव. येऊ नका म्हणावं."

"आत्ता? काय सांगू?"

आक्कांनी क्षणभर विचार केला.

"दही लागलं न्हाई म्हणून सांग. खोटं थोडंच हाय."

शिवलीला फोन घेऊन पडवीत गेली. तिचं बोलणं आत ऐकू येत होतं. "न्हाई हो काकी, दही... होय, दही... तसं न्हाई, आमच्याकडं तसं असतंय." मला हसू आवरेना. आक्कांनी माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं आणि मग त्यांनाही ते आवरलं नाही.

ह्या गोष्टीला आता सात वर्षं झाली. सगळं काही त्या एका संध्याकाळी सुरळीत झालं असं नाही. सटाण्याला माझ्या घरी बरंच काही झालं, आणि इथल्या बोळानंही आमच्याकडे वर्षभर तिरप्या मानेनं पाहिलं. पण बोळाला रोज दही लागायचं आणि ते आमच्याकडेच मिळायचं. आता दुकानाच्या मागच्या खोलीत माझी उबवणीची पेटी आहे आणि दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी पट्टी लागते. बाळगोंडातात्यांना दोनदा लागते.

त्या संध्याकाळी आक्कांनी आमच्यासमोर म्हशींचं दूध तापवलं. करंगळी बुडवून ते किती गरम आहे ते पाहिलं. माझ्या खिशात थर्मामीटर होता, तो मी बाहेर काढला नाही. कोरींची वाटी त्यांनी बाजूला सरकवली आणि जुन्या गाडग्यात माझ्या डब्यातलं विरजण चमच्यानं घातलं. एक चमचा. अजून निम्मा. डब्यात थोडं उरलं होतं. मला वाटलं, तेही घालतील.

त्यांनी झाकण लावलं आणि डबा माझ्यासमोर धरला.

"हे तुझ्याकडं राहू दे. घरात दोन ठिकाणी असलेलं बरं."

शिवलीला दारात येऊन उभी राहिली होती. समई आता स्थिर तेवत होती.

"आक्का," मी म्हटलं, "दिवा लागलाय."

"दिसतंय मला," त्या म्हणाल्या. "धर."